एसीतला गॅस जातो कुठे?

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास. देहूरोड या दोन्हींच्या मध्ये, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला आणि लोकलच्या रुळांना लागून वसलेले. मावळचा पाऊस इथे पुरता ओसरलेला नसतो आणि पुण्याचा उन्हाळा सुरू झालेला असतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, मेअखेरीस वळीव विजा घेऊन येतो आणि जूनपासून चार महिने भिंती ओल धरतात. त्यात हायवेची धूळ आणि किवळे-रावेतच्या बाजूने चाललेल्या बांधकामांची सिमेंट-माती. माणसे दार लावून घेतात; खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर बसवलेल्या एसीच्या आउटडोअर युनिटला हे सगळे अंगावर घ्यावे लागते.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’ जाहीर केला, तेव्हा देशातल्या जेमतेम आठ टक्के घरांत एसी होता. मुंबई-पुणे पट्ट्यात तो त्यामानाने लवकर पोचला. देहूरोडच्या बाजारपेठेत, विकासनगरात, मामुर्डीत आज मध्यमवर्गीय घरातही हप्त्यांवर घेतलेला एखादा स्प्लिट एसी दिसतो. दोन-तीन उन्हाळे तो बिनतक्रार चालतो. मग एका दुपारी खोली गार होईनाशी होते, मेकॅनिक येतो, आउटडोअरच्या व्हॉल्व्हला गेज लावतो, कधी तेही न लावता सांगतो, “काकू, गॅस संपलाय. भरावा लागेल.” अडीच-तीन हजार रुपये जातात, खोली गार होते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तोच मेकॅनिक, तेच निदान आणि तेवढेच पैसे.

एसीतला गॅस संपत नसतो. तो गळतो. घरगुती एसीच्या दुरुस्तीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवावी.

एसीतला गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. खोलीतल्या कूलिंग कॉइलमध्ये तो द्रवाचा वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता खोलीतल्या हवेतून घेतो. बाहेरचा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबलेला वायू तापतो आणि बाहेरच्या कंडेन्सर कॉइलमध्ये ती उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो. मग बारीक कॅपिलरी नळीतून किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून त्याचा दाब उतरवला जातो आणि तो परत खोलीकडे निघतो. या चक्रात गॅस कुठेही जळत नाही, खर्च होत नाही. नळ्या शाबूत असतील, तर कारखान्यात भरलेला गॅस दहा वर्षांनीही तेवढाच असायला हवा. कमी झाला असेल, तर नळीला कुठेतरी भोक आहे किंवा जोड सैल आहे. ते भोक न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे पुढच्या बिलाची तारीख ठरवणे.

भोक पडते कुठे? बहुतेकदा जोडावर. एसी बसवताना तांब्याच्या नळीचे तोंड हत्याराने फुलवून ते पितळी नटने आवळतात. याला फ्लेअर जोड म्हणतात. फुलवलेली कड तिरकी झाली, तिच्यावर बुरा राहिला, नट जास्त आवळला किंवा कमी आवळला, की महिन्याला थोडाथोडा गॅस निसटू लागतो. गळतीबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते. म्हणून नटभोवती तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला, तर अर्धे निदान तिथेच झालेले असते. घर बदलताना एसी काढून दुसरीकडे लावला, की हे जोड नव्याने करावे लागतात. बदलीच्या नोकरदारांच्या या गावात एसी अनेकदा जागा बदलतात आणि दर वेळी जोडांची कसोटी लागते.

दुसरी जागा म्हणजे कूलिंग कॉइल. तिच्या तांब्याच्या नळीची भिंत मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी पातळ असते. प्लायवूडचा गोंद, व्हार्निश, फरशी पुसायची काही द्रावणे यांतून फॉर्मिक आणि ॲसिटिक आम्लाचा सूक्ष्म अंश हवेत येतो. कॉइलवर ओल असतेच. तांबे, ओल, प्राणवायू आणि हे आम्ल एकत्र आले, की तांब्यात मुंग्यांच्या वारुळासारखी वाकडीतिकडी, डोळ्यांना न दिसणारी बिळे पडत जातात. तंत्रज्ञ या गंजण्याला वारुळाचेच नाव देतात. नवे फर्निचर करून खोली बंद ठेवली आणि वर्ष-दोन वर्षांत कॉइल गळू लागली, अशा घरांत याचा संशय घ्यायला हवा. उघड्या नाल्यालगतच्या इमारतींत सांडपाण्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळे पाडतो आणि पोखरतो. समुद्रकाठी तेच काम खारी हवा करते. ॲल्युमिनियमच्या कॉइल स्वस्त असतात, पण गळल्या तर जागेवर जोडायला अवघड जातात. म्हणून एसी घेताना कॉइल तांब्याची आहे का, तिच्यावर संरक्षक थर आहे का, हे विचारणे अगदी योग्य आहे.

गळतीच्या नीट दुरुस्तीला वेळ लागतो. उरलेला गॅस आधी सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. मग नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरायचा आणि गेजचा काटा तासभर हलतो का ते पाहायचे. हलला, तर साबणाचा फेस जोडांवर, कॉइलच्या वळणांवर लावून बुडबुडा शोधायचा. भोक बुजवल्यावर पुन्हा दाब तपासायचा. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढायची. हे काम पाच मिनिटांत होत नाही. अर्धा-पाऊण तास पंप चालावा लागतो. शेवटी वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून, युनिटच्या लेबलवर ग्रॅममध्ये छापलेला असेल तेवढाच गॅस मोजून भरायचा. दीड टनाच्या आजच्या स्प्लिट एसीत तो साधारण पाऊण ते एक किलो असतो. व्हॅक्यूम न मारता गॅस भरला, तर नळ्यांत राहिलेली ओल तेलाशी मिसळून आम्ल बनवते आणि हे आम्ल कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचे इन्सुलेशन खाते. तीन हजारांच्या घाईत बारा हजारांचा कॉम्प्रेसर जातो, तो असा.

गॅस कोणता, हेही ग्राहकाला माहीत हवे. जुन्या एसीत आर-२२ असतो. तो ओझोनच्या थराला मारक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने हद्दपार होत आहे. त्यानंतर आर-४१० ए आला. तो ओझोनला निर्धोक, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून प्रबळ. त्याचा अर्धा किलो गळला, तर वातावरणावर होणारा परिणाम टनभर कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखा असतो. आजच्या बहुतेक एसींत आर-३२ आहे, त्याचा हाच आकडा ६७५. गोदरेजने २०१२ मध्ये प्रोपेनवर, म्हणजे आर-२९० वर चालणारे एसी बाजारात आणले. प्रोपेनचा तापवण्याचा आकडा तीनच्या आसपास, म्हणजे नगण्य. पण प्रोपेन सहज पेटतो आणि आर-३२ देखील काही प्रमाणात ज्वलनशील आहे. अशा एसीच्या नळीवर गॅस पूर्ण काढल्याशिवाय ब्लो टॉर्च धरणे जिवावर बेतू शकते. एका गॅसच्या मशीनमध्ये दुसरा गॅस भरणे तर सरळ चूकच. त्यांचे दाब वेगळे असतात, तेल वेगळे असते. चालू एसीत आर-२२ चा सक्शन दाब ६५ ते ७० पीएसआयच्या आसपास असतो, आर-३२ चा ११५ च्या वर. पहिल्याच्या सवयीने दुसऱ्याचे गेज वाचणारा मेकॅनिक चुकीचेच निदान करणार.

गॅस पूर्ण असूनही खोली गार होत नाही, असे कितीतरी वेळा होते. सगळ्यांत साधे कारण म्हणजे इनडोअरची जाळी. ती धुळीने भरली, की कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइल गोठते आणि तिच्यावर चक्क बर्फ धरतो. बर्फ बघून लोकांना वाटते एसी जोरात चाललाय. खरे तर हवा अडलेली असते. गॅस कमी असला तरीही बर्फ धरतो, म्हणून आधी जाळी धुवावी, एसी बंद ठेवून बर्फ वितळू द्यावा आणि मगच गेज लावावे. हायवेलगतच्या घरात उन्हाळ्यात ही जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली धरायलाच हवी. त्याला मेकॅनिक लागत नाही.

बाहेरच्या कंडेन्सरचे तसे नाही. तो उंचावर, हाताबाहेर असतो, म्हणून वर्षानुवर्षे कुणी बघत नाही. पत्र्यांच्या बारीक फटींत धूळ, कबुतरांची पिसे, सिमेंट बसते. उष्णता बाहेर टाकायची वाट बंद होते, नळ्यांतला दाब चढतो, कॉम्प्रेसर तापून ट्रिप होतो. सकाळी एसी गार हवा देतो आणि दुपारी तीनला बंद पडतो, अशी तक्रार असेल, तर पहिला संशय इथे घ्यावा. पाण्याच्या फवाऱ्याने कंडेन्सर धुतल्यावर असे एसी पुष्कळदा पूर्ववत चालू लागतात. फवारा मात्र सौम्य हवा. जोराच्या जेटने पत्रे आडवे पडतात आणि हवा कायमची अडते.

देहूरोडमध्ये आणखी एक कारण आहे, ते मशीनमध्ये नसून घरात आहे. दारूगोळा डेपोभोवतीच्या दोन हजार यार्डांच्या रेड झोनमुळे इथल्या आणि आसपासच्या मोठ्या भागात नव्या बांधकामांवर निर्बंध आहेत. त्यामुळे बैठी, पत्र्याच्या छताची घरे अजून टिकून आहेत. मेमधल्या दुपारी पत्रा हात लावू देत नाही. अशा खोलीत एक टनाचा एसी बसवला, तर तो दिवसभर धावतो, ठरवलेल्या तापमानाला पोचतच नाही आणि मेकॅनिक म्हणतो गॅस कमी आहे. टन हे माप बर्फावरून आले. चोवीस तासांत एक टन बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खेचणारा एसी एक टनाचा. तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे साडेतीन किलोवॅट. छतातून येणारी उष्णता त्याहून जास्त असेल, तर गॅस कितीही भरा, उपयोग नाही. पत्र्याखाली फॉल्स सीलिंग किंवा थर्मोकोल, पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग हा इथला खरा इलाज आहे, आणि तो गॅस भरण्यापेक्षा टिकाऊ आहे.

मेमध्ये इथल्या मेकॅनिकच्या पिशवीतून सर्वाधिक खपणाऱ्या भागांत कॅपॅसिटरचा नंबर बराच वर लागतो. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत कॉम्प्रेसर सुरू होताना चालू स्थितीपेक्षा कित्येक पट करंट ओढतो. चढावर अडलेल्या गाडीला मागून धक्का लागतो, तसा धक्का कॉम्प्रेसरला कॅपॅसिटर देतो. हा ॲल्युमिनियमचा डबा आउटडोअरच्या आत, तापलेल्या पेटीत बसलेला असतो. तापमानात होणाऱ्या दर दहा अंशांच्या वाढीला त्याचे आयुष्य निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ढोबळ नियम आहे. मेमध्ये चाळीस अंशांत, भिंतीला खेटून बसवलेल्या युनिटमध्ये त्याचे काय होत असेल, याचा अंदाज यावा. लक्षण ओळखू येण्याजोगे असते. आतला पंखा फिरतो, हवा येते, पण गार नसते. बाहेरून ‘हूं’ असा घरघरता आवाज काही सेकंद येतो, मग खट्कन बंद. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा तेच. कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतो आणि ओव्हरलोड नावाचा सुरक्षा-स्विच त्याला बंद करतो.

कॅपॅसिटर दोन-चारशे रुपयांचा असतो. तो गेला की नाही, हे मीटर लावून मिनिटभरात कळते. त्याच्यावर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो. मीटरवरचा आकडा त्याहून पाच टक्क्यांपेक्षा जास्त घसरला, तर बदलायचा. ४५ छापलेला आहे आणि मीटर ३८ दाखवतोय, म्हणजे काम झाले. वरचे झाकण फुगलेले असेल, तर मीटरचीही गरज नाही. पण हे काम घरच्या घरी करू नये. वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो आणि तो जबरदस्त झटका देऊ शकतो.

असे असताना “कॉम्प्रेसर गेला” हा निकाल फार लवकर दिला जातो. कॉम्प्रेसर खरोखर जळला का, हे तपासायची रीत सोपी आहे. साध्या एसीतल्या कॉम्प्रेसरवर तीन टर्मिनल असतात: कॉमन, स्टार्ट, रन. मल्टिमीटरने दोन-दोन टर्मिनलांमधला रोध मोजला, तर स्टार्ट ते रन हा आकडा बाकी दोघांच्या बेरजेएवढा यायला हवा. एखादी जोडी उघडी दाखवत असेल, तर वाइंडिंग तुटले. पण त्याआधी कॉम्प्रेसर थंड होऊ द्यावा, कारण तापलेल्या कॉम्प्रेसरचा आतला ओव्हरलोड उघडलेला असतो आणि मीटर फसवतो. टर्मिनल आणि लोखंडी अंग यांत जोडणी दिसली, तर शॉर्ट झाला. बाकी आकडे बरोबर असतील, तर दोष कॅपॅसिटरमध्ये, जळलेल्या लगमध्ये किंवा व्होल्टेजमध्ये शोधायचा. मेकॅनिकला हे तीन आकडे कागदावर लिहून मागणे हा ग्राहकाचा अधिकार आहे, आणि चांगला मेकॅनिक त्याबद्दल रागावत नाही.

व्होल्टेजचे म्हणाल, तर घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. त्यात सहा टक्के वर-खाली धरले, तर २१६ ते २४४. उन्हाळ्यात रात्री सगळ्या गल्लीतले एसी एकदम लागले, की लाइनच्या टोकाला असलेल्या घरात तो त्याहून खाली उतरू शकतो. व्होल्टेज पडला, की साधा कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो, त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. वीज गेली आणि लगेच आली, तरी तीन मिनिटे एसी सुरू करू नये. नळ्यांतला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. स्टॅबिलायझरमधला टाइम डिले त्यासाठीच असतो. आणि एसीचा प्लग साध्या बोर्डात एक्स्टेन्शन लावून खोचणे तर बंदच करावे. १६ अँपिअरचा सॉकेट, जाड तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगले अर्थिंग एवढे हवेच. वितळलेला प्लग हे एसीच्या तक्रारींतले सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत धोक्याचे लक्षण आहे.

वळवाचे पहिले ढग सह्याद्रीवरून इकडे सरकले, की तक्रारींचा रंग बदलतो. आता कॅपॅसिटरऐवजी पीसीबी जातात. नव्या इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करण्याचे काम आउटडोअरमधले इलेक्ट्रॉनिक कार्ड करते. विजेची बचत त्याच्याच जोरावर होते. पण वीज कडाडली, लाइनमध्ये क्षणभर व्होल्टेज उसळला, की या कार्डावरचे नाजूक भाग जळतात. पाली उबेला म्हणून आत शिरतात आणि दोन टोकांना एकदम चिकटतात. पाल मरते, कार्डही जाते. मुंग्या रिलेमध्ये घर करतात. पाऊस तिरका आला, की झाकणाच्या फटीतून ओल जाते. कार्डाचा खर्च कंपनीप्रमाणे तीन हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत जातो, आणि इथे ग्राहक खरोखर हतबल होतो, कारण बऱ्याच कंपन्या कार्ड दुरुस्त करत नाहीत, बदलतात. पुण्या-पिंपरीत कार्ड दुरुस्त करणारे कारागीर आहेत. जळलेला रिले, फ्यूज किंवा व्हॅरिस्टर बदलून ते अनेक कार्डे वाचवतात. वॉरंटी संपलेली असेल, तर नवे कार्ड घेण्याआधी एकदा तिकडे दाखवावे. वादळ येताना दिसले, की एसीचा एमसीबी पाडून ठेवणे याला एक रुपयाही लागत नाही.

जून-जुलैची दुसरी तक्रार म्हणजे पाणी. इनडोअरमधून भिंतीवर ओघळ येतो आणि घरात सगळे घाबरतात. अमेरिकन अभियंता विलिस कॅरिअर याने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आधुनिक एसीची पहिली रचना केली, ती माणसांच्या गारव्यासाठी नव्हती. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत. हवेतली ओल काढणे हे त्याचे काम होते. मावळच्या पावसाळ्यात एसी तेच करतो. दमट दिवशी दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी गाळू शकतो. हे पाणी ट्रेमध्ये पडून ड्रेन पाइपने बाहेर जायला हवे. ट्रेमध्ये धूळ आणि ओल मिळून बुळबुळीत शेवाळ-बुरशी धरते, पाइपचे तोंड तुंबते आणि पाणी उलटे येते. पाइपला उतार नसेल, मध्येच तो वर चढून खाली आला असेल, किंवा त्याचे टोक बाहेर बादलीतल्या पाण्यात बुडलेले असेल, तरीही हेच होते. पाइप उलट बाजूने फुंकून, ट्रे धुऊन हा प्रश्न सुटतो. गॅसचा त्यात काही संबंध नाही, तरी पाणी गळते म्हणून गॅस भरून घेतलेली घरे आहेत.

बारीकसारीक भागांत सेन्सर, ब्लोअरची मोटर आणि स्विंग मोटर येतात. सेन्सर म्हणजे मण्याएवढा थर्मिस्टर. तो बिघडला, की खोली गार नसतानाच एसी बंद होतो किंवा स्क्रीनवर कोड येतो. काहीशे रुपयांत बदलतो. ब्लोअरच्या पात्यांवर धुळीचा लेप बसला, तर आवाज वाढतो, हवा घटते आणि कुबट वास येतो.

लोणावळ्याच्या बंगल्यांची तऱ्हा वेगळी. तिथले कितीतरी एसी आठवड्यातले पाच दिवस, कधी महिनोन्‌महिने बंद असतात. वापर कमी म्हणून ते टिकतील, असे मालकांना वाटते. पण धुक्यात आणि धारेत बंद पडून राहिलेल्या युनिटमध्ये ओल सुकत नाही, कार्डावर हिरवट गंज चढतो, उंदीर वायरींचे इन्सुलेशन कुरतडतात. चालू एसी स्वतःला थोडाफार कोरडा ठेवतो. बंद एसीला ती सोय नसते. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा तासभर ड्राय मोडवर एसी चालवणे आणि बंद करण्याआधी नुसता पंखा थोडा वेळ फिरवणे, एवढी काळजी तिथे पुरते.

दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा, हा प्रश्न आठ-दहा वर्षांच्या एसीबाबत येतोच. आर-२२ चा जुना एसी असेल, कॉइल पोखरलेली असेल आणि कॉम्प्रेसरही गेलेला असेल, तर त्यात पैसे घालू नयेत. एरवी एकटा कॅपॅसिटर, सेन्सर, पंख्याची मोटर किंवा एक जोड यांसाठी चालता एसी भंगारात काढणे हा अपव्यय आहे. भंगारात काढायचाच असेल, तर गॅस हवेत सोडून नळ्या तोडणाऱ्याच्या हाती तो देऊ नये. ई-कचरा नियमांनुसार उत्पादकांवर त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी आहे आणि अनेक विक्रेते जुन्याच्या बदल्यात नवा देतात. नवा घेताना २४ अंशांची सवय लावावी. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमाने १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसीत मूळ सेटिंग २४ अंशांचेच असते, आणि ब्युरोच्या हिशेबाने प्रत्येक अंश वर नेला, तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. कमी धावलेला कॉम्प्रेसर जास्त वर्षे जगतो, हा त्यातला दुसरा फायदा.

वॉरंटीचे कागद जपून ठेवावेत. बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरला दहा वर्षांची, पीसीबीला पाच वर्षांची वॉरंटी देतात. कॉइल आणि गॅस त्यात आहेत का, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. बिलावर चार गोष्टी मागाव्यात: कोणता गॅस, किती ग्रॅम, गळती कुठे सापडली आणि बदललेला भाग कोणता. जुना भाग हातात घ्यावा. कबूल केलेले काम झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग.

या सगळ्यात मेकॅनिकची बाजूही ऐकायला हवी. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि तो केलेला मुलगा हे सगळे व्यवस्थित जाणतो. पण मेमध्ये त्याच्या दिवसात आठ-दहा घरे बसवलेली असतात. अर्धा तास पंप चालवायला त्याला वेळच दिला जात नाही. नायट्रोजनचे सिलिंडर जिन्याने चौथ्या मजल्यावर चढवायचे तर दुसरा माणूस लागतो आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. गॅस भरून निघून जाणे हे अनेकदा या घाईतून येते. म्हणून सर्व्हिसिंग फेब्रुवारीत करून घ्यावी, गळतीच्या कामाला अर्धा दिवस द्यावा, त्याचे योग्य पैसे मोजावेत. आणि आउटडोअरसाठी तो खिडकीबाहेर स्टँडवर उतरणार असेल, तर सेफ्टी बेल्ट आणलाय का, हे आधी विचारावे. नसेल, तर काम थांबवावे आणि बेल्ट आणल्यावर दुसऱ्या दिवशी करून घ्यावे.